बारके शब्द

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, 1987 च्या दहावीच्या बॅचमधील आणि आता इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गभगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचं नाव ऐकून समोरच्या तीन-चार चेहऱ्यांवर जुनी भीती दिसली मला. काळजी करू नका, फळ्यावर कुणाला बोलावणार नाही. आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगतात. मी सत्तावीस वर्षं मराठी माध्यमाच्या लेकरांना इंग्रजी शिकवतेय, आणि त्यातून जे मला थोडंफार नीट कळलंय ते या बारक्या शब्दांबद्दलच आहे. शिवाय या स्मरणिकेसाठी आलेले तुमचे लेख संपादनासाठी माझ्याच टेबलावर होते. त्यांचा या विषयाशी जवळचा संबंध निघाला. तो नंतर सांगते.

बारके शब्द म्हणजे अँड, बट, सो, विथ, इन, ऑन, ॲज, व्हाइल, असले. मराठी व्याकरणात यांतल्या काहींना उभयान्वयी अव्यय म्हणतात, काहींना शब्दयोगी अव्यय. ती नावं पाठ करून आपण दोन-दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो. विसरलो ते बरंच झालं. आज मला त्यांच्या जातीशी काम नाही. दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांच्यामध्ये जो शब्द येऊन बसतो, तो माझ्या लेखी बारका शब्द. आणि बोलणार आहे ते फक्त वर्णनाबद्दल. माझं गाव, आठवडी बाजार, पावसाळ्याचा पहिला दिवस, माझे वडील. परीक्षेत जे पाच-सहा मार्कांना यायचं आणि जे आपण गाइडातून पाठ करून जायचो, ते.

आपल्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. म्हणजे आपल्याला पाचवी ते दहावी एवढ्या सहा वर्षांत सगळं आटपायचं होतं. मग मार्ग एकच, यादी. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, विथ म्हणजे सह, ॲज म्हणजे म्हणून, बट म्हणजे पण. यादीला मी नावं ठेवत नाही. तिच्यावर आपण पास झालो, कुणी बँकेत गेलं, कुणी एसटीत, कुणी पोलिसात. पण वर्णन लिहायला बसलं की ही यादी दगा देते, कारण आपलं बोलणं तिच्यात मावत नाही.

एकटा "वर" घ्या. आपल्याकडं आई विहिरीवर गेलेली असते, बाप कारखान्यावर, मामा माळवदावर झोपलेला असतो, घार शाळेवर घिरट्या घालते आणि म्हातारी पारावर बसलेली असते. या पाच "वर"ला इंग्रजीत एकच ऑन लावला तर मामा आणि म्हातारी जागेवर राहतात, बाकी सगळे संकटात. "माय मदर इज ऑन द वेल" असं लिहिलं की वाचणाऱ्याला आई विहिरीच्या कठड्यावर उभी दिसते. ते चूक आहे हे कळून लेकरू "इन द वेल" लिहितं, आणि मग तर पोलीस पाटलालाच बोलवायची वेळ. विहिरीपाशी आहे, पाणी शेंदतेय, एवढंच सांगायचं तर "ॲट द वेल". घार शाळेला टेकलेली नाही, वरच्या हवेत आहे, म्हणून "ओव्हर". बाप कारखान्यावर गेला म्हणजे तिकडं गेला, "टु".

हे मी वर्गात यादी वाढवून शिकवत नाही. एक "वर"चे पाच अर्थ लिहून दिले तर पोरं पाचही पाठ करतील आणि परीक्षेत सहावा येईल. मी विचारते, आई दिसतेय का तुला? कुठं दिसतेय? पाय कुठंयत तिचे? मग शब्द आपोआप मिळतो. आपले इंग्रजीचे सर हेच खडूच्या डब्यावर करायचे, आठवतंय ना? खडू डब्यात, डब्यावर, डब्यामागं, आणि मागच्या बाकावरच्या कुणाच्या खिशात. सर हसतायत.

बीडच्या पोरांना मी दरवर्षी कंकालेश्वराचं वर्णन लिहायला देते. सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि ते देऊळ इंग्रजी शिकवण्यासाठीच बांधल्यासारखं आहे. भोवती कुंड, मधोमध देऊळ. पोरं लिहितात, "द टेम्पल इज ऑन वॉटर." म्हणजे देऊळ नावेसारखं तरंगायला लागलं. दुसरा लिहितो, "इन वॉटर", म्हणजे देवासकट भिजलं. "इन द मिडल ऑफ द टँक" लिहिणारा काठावर उभा राहून बघत असतो. "विथ वॉटर ऑल अराउंड" लिहिणारी मुलगी एकदा भेटली, ती मनानं देवळाच्या दारात उभी राहून बाहेर बघत होती. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण पहिल्यात लिहिणारा काठावर आहे आणि दुसऱ्यात आत आहे. देऊळ तेच, पाणी तेच. कुठून बघितलं ते सगळं त्या बारक्या शब्दांनी सांगितलं. सौताड्याच्या धबधब्याचंही तसंच. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे, ते "अंडर द फॉल्स" लिहिलं तर धार कळसावर पडायला लागते. "बिलो" लिहिलं तर नुसतं खालच्या अंगाला.

विथचा विषय निघालाच आहे तर तो जरा पुढं नेते, कारण या शब्दाशी आपल्या पोरांचं फार सख्य. विथ म्हणजे सह हे पाठ असल्यामुळं, वर्णनात जे काही सोबत दिसेल ते सगळं विथनं बांधून टाकतात, कडब्याच्या पेंढीसारखं. "अ मॅन विथ अ रेड टर्बन." आता या माणसानं लाल पागोटं घातलंय की काखेत मारलंय? अंगावर घातलं असेल तर इंग्रजी "इन" मागतं, "अ मॅन इन अ रेड टर्बन". काठी हातात असेल तर विथ. दाढी असेल तर विथ. चष्म्याला दोन्ही चालतात, त्यात जीव जाळू नका.

पोरं म्हणतात, मॅडम हे लक्षात कसं ठेवायचं? मी म्हणते, लक्षात ठेवायचं काही नाही, तुम्हाला येतंच ते. तुमची आई काय म्हणते, "ती हिरव्या साडीतली बाई". साडीतली! म्हणजे "इन" झालंच की. "दाढीवाला", "काठीवाला म्हातारा", हे विथ. "कडक आवाजाचे सर", हेही विथ. हिरव्या साडीवाली म्हटलं तर ती साड्या विकणारीही असू शकते, हा फरक आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या आजीलाही कळतो. मराठीत -तला, -चा, -वाला हे तीन वेगळे पाट मांडलेले आहेत, आणि आपण कधी चुकीच्या पाटावर बसत नाही. मग इंग्रजी आलं की ही अक्कल दारात चपलेसारखी काढून का ठेवायची? माझं सगळ्यात मोठं भांडण यादीशी आहे ते इथं. यादीनं आपल्याला इंग्रजी शब्द दिले, पण आपल्याच भाषेतलं जे बारीक ज्ञान आपल्याकडं होतं, ते इंग्रजीच्या कामाचं नाही असं पटवून दिलं.

थोडं विषयांतर करते, सरांसाठी. सरांची पहिली-दुसरी निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाली. 17 सप्टेंबर 1948 नंतर पुस्तकं बदलली. सर वर्गात "आबोहवा" शब्द वापरायचे, इथली आबोहवा चांगली आहे म्हणून. त्या शब्दाच्या मधला "ओ" म्हणजे आणि. आब म्हणजे पाणी, ओ, हवा. फारसीतला अँड. आपण आयुष्यभर तो उच्चारला आणि मध्ये एक जोडशब्द बसलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आपले "दरम्यान", "शिवाय", "खेरीज", "बद्दल" हेही फारसी-अरबीतून आलेले बारके शब्दच. राजवटी येतात, जातात, मोठे शब्द बरोबर घेऊन जातात. बारके मात्र इथंच राहतात, आणि मग ते परके आहेत असं कुणालाच वाटत नाही.

आता अँड. आपल्या पोरांच्या इंग्रजी वर्णनात सगळ्यात जास्त येणारा शब्द. त्याचं कारण आळस नाही, आपली "ऊन" आहे. आपण म्हणतो, बैल सोडून, पाणी पाजून, वैरण टाकून तो जेवायला बसला. एका दमात चार कामं, आणि कुठंही आणि नाही. आधीची तीन कामं पायरीसारखी, शेवटचं मुख्य. हे इंग्रजीत नेताना पोरं चारही कामांना अँड लावतात आणि मग चारही सारखीच होतात. बैल सोडणं आणि जेवायला बसणं एका ओळीत, एका उंचीचं. वाचणाऱ्याला कळत नाही की बघायचं कशाकडं. त्यावर मी सांगते, आधी मुख्य काम ठरव. जेवण? मग "आफ्टर" लावून बाकीची मागं टाक. बैलांवरचा जीव दाखवायचाय? मग जेवण एका छोट्या वाक्यात उरक.

पण अँड वाईट म्हणून सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. "अँडनं वाक्य सुरू करायचं नाही" असा एक नियम शाळाशाळांतून फिरतो. 1611 साली छापलेलं बायबलचं इंग्रजी भाषांतर उघडलं तर पानोपानी अँडनं सुरू होणारी वाक्यं आहेत. मूळ हिब्रूत तशीच मांडणी होती, ती भाषांतरकारांनी ठेवली आणि इंग्रजीनं ती पचवली. पुढं हेमिंग्वेसारख्या लेखकानं अँडवर अँड रचून वर्णनं केली. आपल्याकडंही लीळाचरित्राचं गद्य बघा, "मग" नंतर "मग". तेव्हा मराठीला आजची विरामचिन्हं नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणानं आली, मेजर कँडीचं नाव त्यात घेतात. स्वल्पविराम-पूर्णविराम नव्हते तेव्हा वाक्य कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं हे सांगायचं काम या बारक्या शब्दांनीच केलं. तेव्हा आठवडी बाजाराचं वर्णन लिहिताना एखाद्या पोरानं मिरच्या आणि बांगड्या आणि शेळ्या आणि गुडदाणी असं सगळं अँडनं जोडलं तर मी लाल रेघ मारत नाही. बाजार असतोच तसा. सगळं एकदम अंगावर येतं.

ॲज, व्हेन आणि व्हाइल यांच्यात तर एमए झालेलेही अडखळतात, त्यामुळं लवकर सांगते. क्षण असेल तर व्हेन: घंटा झाली तेव्हा पोरं पळाली. लांबलेली वेळ असेल तर व्हाइल: आई भाकरी करत होती तोवर मी दिवा पुसला. आणि दोन गोष्टी हळूहळू, एकमेकींच्या संगतीनं सरकत असतील तर ॲज. दिवस कलत गेला तशी गुरं परतायला लागली. आपलं "जसजसं-तसतसं", आणि ज्ञानेश्वरीतलं "जैसें-तैसें" ज्याच्या कानात आहे त्याला ॲज परका वाटायचं कारण नाही. यादीनं ॲज म्हणजे "म्हणून" एवढंच शिकवलं. म्हणून पोरं संध्याकाळच्या वर्णनात लिहितात की दिवस मावळला म्हणून गुरं परतली. चूक नाही. पण संध्याकाळ गेली त्यातली, हिशेब राहिला.

आता ज्याच्यासाठी मी आज खरं उभी राहिले तो शब्द. बट. पण.

"माय फादर" हा निबंध मी सत्तावीस वर्षांत किती वेळा तपासला असेल, मोजदाद नाही. त्यात एक वाक्य हमखास असतं. "माय फादर इज पुअर बट ऑनेस्ट." गाइडातलं वाक्य आहे, पोरं भाबडेपणानं उतरवतात, वडिलांचा अभिमान म्हणूनच उतरवतात. मी एकदा फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि विचारलं, यातल्या बटचं काम काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "गरीब माणूस चोर असतो असं वाटलं असतं, तर तसं नाही म्हणून सांगितलं." बरोबर. बट नेहमी वाचणाऱ्याच्या मनातली एक अपेक्षा मोडतो. ही अपेक्षा कुणाची होती? वडिलांची नाही. पोराची तर नाहीच. ज्यानं गाइड लिहिलं त्याची असेल, किंवा त्याच्याही आधी कुणाची तरी. आपण तो शब्द उतरवून घेतला, त्याच्याबरोबर तो संशयही उतरवून घेतला, आणि आपल्याच बापावर ठेवला.

वर्गात मग बटच्या जागी अँड घालून बघितला. "पुअर अँड ऑनेस्ट." पोरांना ते विचित्र वाटलं. "मॅडम, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय." वाटणारच. इतकी वर्षं पण ऐकून कान तसे झालेत. मराठीतही तेच आहे. "लहान घर पण स्वच्छ", "खेड्यातला असूनही हुशार", "काळी आहे पण नाकीडोळी नीटस", स्थळं बघताना हे वाक्य आपल्या बहिणींनी किती ऐकलंय. एका मुलाखतीत मला स्वतःलाच सांगितलं गेलं होतं की तुम्ही बीडच्या असून तुमचं इंग्रजी छान आहे. सांगणारे गृहस्थ चांगले होते, कौतुकच करत होते. त्या "असून"मध्ये आपला अख्खा जिल्हा बसवलाय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

बट काढूनच टाका असं मी म्हणत नाही. अपेक्षा खरंच मोडली असेल तर बटशिवाय भागत नाही. बिंदुसरेचं पात्र रुंद आहे पण उन्हाळ्यात पाणी नसतं. या बटवर कुणाचा आक्षेप नाही. ज्या दोन गोष्टींत भांडण नाही त्यांच्यात तो भांडण लावतो, तेव्हा मात्र तपासायला पाहिजे.

आता नववीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, गावही नाही. आपल्या जिल्ह्यात अशी गावं कमी नाहीत. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात, घराला कुलूप किंवा घरात आजी, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून निघतात ते पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. आपल्या वर्गातलेही कितीजण दर दिवाळीनंतर दिसेनासे व्हायचे, त्यातले काही आज इथं आहेत. ही मुलगी तेवढे महिने हंगामी वसतिगृहात जेवायची आणि आजीजवळ झोपायची. तिनं "माय फॅमिली"मध्ये दोन वाक्यं लिहिली होती. "माय पेरेंट्स कट शुगरकेन. आय स्टडी हिअर." मध्ये पूर्णविराम, जोडशब्द नाही. मी तिच्या परवानगीनं ती फळ्यावर लिहिली आणि वर्गाला म्हटलं, जोडा.

अँड आला. एक जण म्हणाला, मग वाटतं की दोन्ही इथंच चाललंय, आईबाप शेजारच्या फडात आहेत. बरोबर होतं. बट आला. तो मुलीनंच नको म्हटला, "मी त्यांच्यापेक्षा मोठी झाल्यासारखं वाटतं." सो आला, तो सगळ्यांनीच हाकलला; ते ऊस तोडतात त्यामुळं मी इथं शिकते, हे अर्धंच खरं. मग एक हुशार पोरगा उठला. त्यानं "सो दॅट आय कॅन स्टडी हिअर" असं सांगितलं. मी शिकावं म्हणून ते ऊस तोडतात. वर्गानं टाळ्या वाजवल्या. परीक्षकाला हेच आवडेल, व्याख्यानांतून हेच सांगतात, आणि वाक्यरचनाही सफाईदार.

ती मुलगी उभीच होती. म्हणाली, "मॅडम, मी शाळेत नव्हते तवाबी ते जायचे. मी नाही शिकले तरी जातील. उचल घेतलेली असती."

वर्ग गप्प झाला. आपण सगळे जे ऐकायला आतुर होतो ते वाक्य तिनं नाकारलं, कारण ते खरं नव्हतं. आईबापांना तिच्या शिक्षणाची आस नव्हती असं नाही, तसं ती म्हणालीही नाही. पण ऊस तोडण्याचं कारण ती नव्हती. कारण उचल होती, कोरडवाहू रान होतं. सो दॅटनं ते सगळं झाकून गेलं असतं, आणि वर तिच्या डोक्यावर जन्मभराचं ऋण बसलं असतं.

शेवटी तिनं व्हाइल घेतला. "माय पेरेंट्स कट शुगरकेन इन अनदर डिस्ट्रिक्ट व्हाइल आय स्टडी हिअर." का, म्हणून विचारलं. "तिकडं ते मोळ्या बांधत्यात त्याच टायमाला मी हितं पाठ करते, म्हणून." व्हाइल एकाच वेळी घडणं सांगतो आणि दोन गोष्टींतला फरकही दाखवतो, आपल्या "तर"सारखा. ते तिकडं, तर मी इकडं. दोन्ही तिला पाहिजे होतं, कारण दोन्ही खरं होतं. "इन अनदर डिस्ट्रिक्ट" हे तिनं स्वतःच घातलं. अँडवर जो आक्षेप आला होता तो तिच्या ध्यानात होता. मी पाचपैकी पाच दिले. बोर्डाच्या पेपरात तिला त्या वाक्याचे किती मिळाले असते, सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे बाईंच्या वर्गातलं झालं, आमचं काय. तर आता तुमच्या लेखांकडं येते.

स्मरणिकेसाठी आलेले लेख मी दोनदा वाचले. सुंदर आहेत, एकदोन वाचताना उठून पाणी प्यावं लागलं. पण शिक्षिकेची खोड जात नाही, पेन्सिलनं मी "पण" मोजले. एका लेखात अकरा आहेत. परिस्थिती गरिबीची होती पण घरात संस्कार होते. आई अंगठेबहाद्दर पण व्यवहारचतुर. शाळा पत्र्याची पण शिक्षक जीव लावणारे. वडील मजूर पण स्वाभिमानी. तुम्ही सगळे आपल्या माणसांचं कौतुक करायला बसलात, आणि प्रत्येक कौतुकाआधी त्या गाइडवाल्याची परवानगी घेतलीत. आज आपल्यापैकी कुणाची नातवंडं पुण्यात इंग्रजी शाळेत आहेत, कुणाची त्याहून लांब. ती हे लेख कुणाकडून तरी वाचून घेतील. पत्र्याच्या शाळेत जीव लावणारे शिक्षक असणं हे आश्चर्य होतं, असंच त्यांना वाटेल. आपल्याला तर ते तेव्हा आश्चर्य वाटलं नव्हतं. आपल्याला तीच शाळा होती.

म्हणून मी एकेकाला फोन केला. विचारून, संमती घेऊन काही "पण" काढले, काहींच्या जागी "आणि" ठेवला, काहींच्या जागी नुसता पूर्णविराम. "आई निरक्षर होती. बाजाराचा हिशेब तोंडी करायची." मध्ये काहीच नाही, वाचणाऱ्यानं काय ते जोडावं. बहुतेक जण हो म्हणाले. एकीनं हसून सांगितलं, "तुला पाहिजे ते कर बाई, फक्त फोटो मोठा छाप."

एकानं मात्र नाही म्हटलं. त्याचं वाक्य होतं, दहावीच्या फॉर्मचे पैसे भरायला घरात काही नव्हतं, पण सरांनी भरले. मी म्हटलं, अरे, इथं "आणि" घालू या का, "तेव्हा" घालू या का. तो म्हणाला, "नाही. मी त्या दिवशी दप्तर घेऊन परत निघालो होतो. वेशीपर्यंत गेलो होतो. भरले जातील असं मला बिलकुल वाटलं नव्हतं. माझा पण राहू दे."

राहू दिलाय. लेख स्मरणिकेत आहे, घरी गेल्यावर शोधा. सरांना तो प्रसंग आठवत नाही म्हणतात.